आयगेनव्हॅल्यू डावीकडं लिहायची का उजवीकडं? क्वाटर्निऑन आणि मॅट्रिक्स कोइफिशंटवाल्या ऑपरेटरचा घोळ

वसमतचा_गणितवाला

नमस्कार मंडळी. एमएस्सी मॅथ्स सेकंड इयर, मूळचा वसमतचा, सध्या नांदेडला रूम करून राहतो. गाइड सरांनी प्रोजेक्टला विषय दिलाय, नॉनकम्युटेटिव्ह अल्जेब्रावरचे (म्हणजे जिथं गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं) डिफरन्शियल आणि डिफरन्स ऑपरेटर अन त्यांचं स्पेक्ट्रम, म्हणजे ढोबळमानाने आयगेनव्हॅल्यूंचा संच. दिलाय म्हणजे नाव सांगितलं अन बाकी नेटवर बघ म्हणले. आता नेटवर बघितलं तर एका पीडीएफमध्ये टी(व्ही) = लॅम्डा·व्ही लिहिलंय (टी ऑपरेटर, व्ही आयगेनव्हेक्टर, लॅम्डा आयगेनव्हॅल्यू), दुसऱ्यात टी(व्ही) = व्ही·लॅम्डा, अन तिसऱ्यात तर ऑपरेटरच उजवीकडून लावलाय, आधी पॉलिनॉमियल मग ऑपरेटर, लॅम्डा डावीकडं, तो पण नंबर नाही तर मॅट्रिक्स, अन दर एन ला वेगळा. काही केल्या डोक्यात शिरंना गेलंय.

माझा डाऊट एवढाच की हे ज्याच्या त्याच्या लिहायच्या सवयीचं आहे का खरंच काही फरक पडतो? म्हणजे मॅट्रिक्स हर्मिशियन असलं तर आयगेनव्हॅल्यू रियलच येणार ना, अन रियल नंबर तर सगळ्यांशी कम्युट करतो, मग डावं काय अन उजवं काय. सेमिनार जवळ आलाय, कुणीतरी हाताने करून बघता येईल असं उदाहरण द्या प्लीज. नुसत्या डेफिनेशन नका देऊ, त्या लै वाचल्या.

देवगिरी_स्लीपर

अरे भौ एवढं काय टेन्शन घेतो. क्वाटर्निऑन, म्हणजे ए + बी·आय + सी·जे + डी·के असले चार भागांचे नंबर, हे २×२ कॉम्प्लेक्स मॅट्रिक्सच असतंय की. एन×एन क्वाटर्निऑन मॅट्रिक्स घे, त्याचं २एन×२एन कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स बनव, नेहमीसारख्या आयगेनव्हॅल्यू काढ, कॉन्जुगेटच्या जोड्या जोड्या येतील, विषय संपला. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम आहे.

लातूरची_लिनियर

देवगिरी, तुमची ट्रिक बरोबर आहे पण ती फक्त उजवीकडच्या आयगेनव्हॅल्यू देते, डावीकडच्या तिला दिसतच नाहीत. अन गणितवाल्याचा प्रश्न नेमका तोच आहे.

वसमतकर, सवयीचा विषय नाही रे हा, लै फरक पडतो. कागद घे अन हे कर. २×२ मॅट्रिक्स, वरच्या ओळीत ० आणि आय, खालच्या ओळीत −आय आणि ०. हर्मिशियन आहे, कॉन्जुगेट ट्रान्सपोज घेऊन बघ, तेच येतं. नियम माहितीच आहेत, आय, जे, के तिघांचे वर्ग −१, आय·जे = के, जे·के = आय, के·आय = जे, उलटं केलं की मायनस.

आधी उजवीकडून. व्हेक्टरचे दोन घटक, वरचा पी, खालचा क्यू. आय·क्यू = पी·लॅम्डा आणि −आय·पी = क्यू·लॅम्डा. पहिल्यातून क्यू = −आय·पी·लॅम्डा, दुसऱ्यात टाकला की −आय·पी = −आय·पी·लॅम्डा² येतं. आय·पी डावीकडून दोन्हीकडं कटलं, राहिलं लॅम्डा² = १. क्वाटर्निऑनमध्ये वर्ग १ असणारे फक्त १ आणि −१. छान, रियल आले, तुझ्या मनासारखं.

आता डावीकडून. पी = १ घे, क्यू = −के घे, लॅम्डा = जे. पहिली ओळ: आय गुणिले −के म्हणजे −आय·के म्हणजे जे. अन लॅम्डा·पी पण जे. जुळलं. दुसरी ओळ: −आय गुणिले १ म्हणजे −आय. अन लॅम्डा·क्यू म्हणजे जे गुणिले −के म्हणजे −आय. हे पण जुळलं!! म्हणजे हर्मिशियन मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू जे. रियल कुठाय? नुसता जे नाही, पूर्ण हिशोब केला तर अट निघते लॅम्डा·आय·लॅम्डा = आय, अन ती पाळणारे १, जे, के यांच्या स्पॅनमधले लांबी १ असलेले सगळेच्या सगळे क्वाटर्निऑन, म्हणजे अख्खा गोल पृष्ठभाग. उजवीकडून दोन, डावीकडून अगणित.

अन गंमत अजून पुढं आहे. या मॅट्रिक्सचा वर्ग काढ, आयडेंटिटी येते. मग आयगेनव्हॅल्यूचा वर्ग पण १ यायला पाहिजे का नाही? जे चा वर्ग −१. डावीकडचा लॅम्डा घातांकाला टिकत नाही, कारण ए(ए·व्ही) = ए(लॅम्डा·व्ही), आता ए ला लॅम्डा ओलांडून व्ही पर्यंत जाता येत नाही, मधे लॅम्डा आडवा पडलाय. उजवीकडं असला की ए(व्ही·लॅम्डा) = (ए·व्ही)·लॅम्डा = व्ही·लॅम्डा², काही अडत नाही.

बेसिस बदलून बघ अजून. हेच मॅट्रिक्स डायगोनल केलं की १ आणि −१ वालं मॅट्रिक्स मिळतं, अन त्याच्या डावीकडच्या आयगेनव्हॅल्यू फक्त १ आणि −१. तो गोल कुठं गेला? गायब. म्हणजे तो ऑपरेटरचा गुण नव्हताच, तू बेसिस कुठला घेतला त्याचा होता. त्यामुळं स्पेक्ट्रल थिअरी करणारे डावीकडच्याला फारसं विचारत नाहीत, नुसतं अल्जेब्राचं कुतूहल म्हणून ठीक आहे. प्रत्येक क्वाटर्निऑन मॅट्रिक्सला निदान एक तरी डावी आयगेनव्हॅल्यू असतेच हे सिद्ध व्हायला सुद्धा १९८५ उजाडलं, वुड नावाच्या गणितज्ञाने टोपोलॉजी वापरून केलं ते.

वसमतचा_गणितवाला

ताई हे आत्ताच वहीत करून बघितलं, खरंच जुळतंय. डोकं गरगरलं माझं. पण हे मॅट्रिक्सचं झालं, माझ्या विषयात डिफरन्शियल ऑपरेटर आहे. तिथं पण असंच होतं का? अन उजवीकडचंच घ्यायचं ठरवलं तर मला तिथं पण एक लोचा दिसायलाय. व्ही·लॅम्डा ला मी उजवीकडून क्यू ने गुणलं तर व्ही·लॅम्डा·क्यू होतंय, तो व्ही·क्यू·लॅम्डा नाही ना. मग आयगेनव्हेक्टरला स्केलर गुणला की आयगेनव्हॅल्यूच बदलते, आयगेनस्पेस स्पेसच राहत नाही. हे कसं चालतं?

लातूरची_लिनियर

शाब्बास, हाच खरा प्रश्न आहे, पोरं इथपर्यंत येतच नाहीत.

पहिलं पहिलं. वर्तुळावरची फंक्शन घे, पिरियड २π, व्हॅल्यू क्वाटर्निऑन. ऑपरेटर घे टी(वाय) = आय·वाय′, आय डावीकडून गुणलेला. सेल्फ-ॲडजॉइंट आहे (हर्मिशियन मॅट्रिक्सचाच ऑपरेटरवाला भाऊ), कारण आय ची ॲडजॉइंट −आय आणि डेरिव्हेटिव्हची पण मायनस, मायनस मायनस कटतात. आता वाय = ई चा −के·एक्स घात घे. वाय′ = −के·वाय, त्याला आय ने गुणलं की −आय·के·वाय म्हणजे जे·वाय. म्हणजे सेल्फ-ॲडजॉइंट डिफरन्शियल ऑपरेटरची डावी आयगेनव्हॅल्यू जे, अन फंक्शन पण व्यवस्थित पिरियॉडिक, कुठं पळवाट नाही. मॅट्रिक्समध्ये झालं तेच इथं. टी चा वर्ग म्हणजे −वाय″, तो या वाय वर लावला की वाय परत येतो, १ ची आयगेनव्हॅल्यू, अन इकडं जे² = −१.

आता तुझा लोचा. व्ही·लॅम्डा·क्यू = (व्ही·क्यू)·(क्यू⁻¹·लॅम्डा·क्यू). म्हणजे आयगेनव्हॅल्यू बदलते पण कुठंही जात नाही, आपल्या कॉन्जुगसी क्लासातच फिरते, म्हणजे क्यू⁻¹·लॅम्डा·क्यू असे जेवढे मिळतात त्यांच्या गटातच. क्वाटर्निऑनचा क्लास ओळखायला दोनच गोष्टी लागतात, रियल पार्ट आणि लांबी. लॅम्डा = आय असेल तर क्यू = जे घेऊन −आय मिळतो, दुसरा क्यू घेऊन जे पण मिळतो, के पण मिळतो, लांबी १ चे सगळे शुद्ध काल्पनिक क्वाटर्निऑन एकाच घरचे. म्हणून देवगिरींच्या कॉम्प्लेक्स मॅट्रिक्सात कॉन्जुगेटच्या जोड्या येतात, आय आणि −आय हे त्या गोलाचे कॉम्प्लेक्स प्रतलात दिसणारे दोन ठिपके. तर उजवीकडं एकटीदुकटी आयगेनव्हॅल्यू विचारायचीच नाही, क्लास विचारायचा.

पण मग "टी वजा लॅम्डा इन्व्हर्टिबल आहे का" हे कसं विचारणार? व्ही ला व्ही·लॅम्डा करणं हे उजवीकडून लिनियर नाही, म्हणजे टी मधून ते वजा केलेलं लिनियर ऑपरेटर राहत नाही. इथं बरीच वर्षं गाडी अडली होती. बर्कहॉफ आणि फॉन नॉयमन यांनी १९३६ मध्येच क्वांटम मेकॅनिक्स क्वाटर्निऑनवर पण मांडता येईल असं लिहून ठेवलं होतं, पण स्पेक्ट्रम नक्की कशाला म्हणायचं ते नीट ठरलेलं नव्हतं. २००६ च्या सुमारास कोलंबो आणि सबादिनी यांनी एस-स्पेक्ट्रम आणलं, अन त्यात युक्ती अशी की एका लॅम्डाला न धरता अख्ख्या क्लासाचं क्वाड्रॅटिक धरायचं: टी² − २·(एस चा रियल पार्ट)·टी + |एस|². हे इन्व्हर्टिबल नसेल तर एस स्पेक्ट्रममध्ये. सगळे कोइफिशंट रियल, डावं उजवं भांडणच संपलं. पुढं २०१६ ला अल्पाय, कोलंबो आणि किम्सी यांनी याच्यावर स्पेक्ट्रल थिअरम पण बसवलं.

मघाच्या मॅट्रिक्सवर लावून बघ. ए² = आयडेंटिटी, म्हणजे (१ + |एस|²) गुणिले आयडेंटिटी वजा २·रियल पार्ट गुणिले ए. एस = जे टाक, रियल पार्ट शून्य, उरलं २ गुणिले आयडेंटिटी, मस्त इन्व्हर्टिबल. जे बाहेर. फक्त एस = १ आणि −१ ला अडतं. सेमिनारला फळ्यावर एवढं एकच उदाहरण केलंस तरी पुरे.

देवगिरी_स्लीपर

मॅडम मानलं. पण एक विचारू का, ते हॉफस्टॅटरचं फुलपाखरू पण नॉनकम्युटेटिव्हमध्येच येतं ना? मला तेच चित्र माहितीय, दिसायला भारी असतं. वसमतकराने पीपीटीत टाकावं.

मास्तर_अंबाजोगाई

येतं, पण वेगळ्या दारातून येतं. तिथं कोइफिशंट साधे नंबर असतात, ऑपरेटर स्वतः नॉनकम्युटेटिव्ह अल्जेब्रातला असतो. यू म्हणजे शिफ्ट, व्ही म्हणजे फेजने गुणणं, आणि यू·व्ही = ई चा २π·आय·अल्फा घात गुणिले व्ही·यू, इथला आय साधा कॉम्प्लेक्सवाला. हार्परचा डिफरन्स ऑपरेटर म्हणजे यू, व्ही आणि त्यांच्या ॲडजॉइंटची बेरीज, अन त्याचं स्पेक्ट्रम दर अल्फाला काढलं की ते फुलपाखरू दिसतं. अल्फा रॅशनल, म्हणजे पी भागिले क्यू असला की स्पेक्ट्रमचे जास्तीत जास्त क्यू पट्टे, इर्रॅशनल असला की कँटर सेट, म्हणजे कुठंच सलग पट्टा न उरलेला भुगा. हे दुसरं विधान १९८१ मध्ये मार्क काट्झने दहा मार्टिनी पैजेला लावल्यामुळं टेन मार्टिनी प्रॉब्लेम म्हणून प्रसिद्ध झालं, अन अविला आणि जितोमिर्स्काया यांचा पूर्ण पुरावा २००९ ला ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स या जर्नलात आला. चित्र खुशाल टाका पण त्याच्याखाली बोलायला लागलात तर सेमिनार तिकडंच जाईल, अन परीक्षक तिथंच धरतील.

गणितवाल्या, तुझी तिसरी पीडीएफ राहिली. ती मॅट्रिक्स ऑर्थोगोनल पॉलिनॉमियलची असणार, दर एन ला वेगळा मॅट्रिक्स लॅम्डा म्हणालास तेव्हाच ओळखलं. माझ्या मते तुझ्या विषयाचं मर्म तिथंच आहे, कारण डिफरन्शियल अन डिफरन्स दोन्ही ऑपरेटर एकाच फंक्शनवर एकदम काम करतात असं तिथंच बघायला मिळतं.

आधी साधा हर्माइट आठव. एच_एन वर एक्सच्या बाजूने डिफरन्शियल ऑपरेटर, वाय″ − २एक्स·वाय′ = −२एन·वाय. अन एनच्या बाजूने डिफरन्स ऑपरेटर, एक्स·एच_एन = अर्धा एच_(एन+१) + एन·एच_(एन−१). पहिल्यात आयगेनव्हॅल्यू एन वर अवलंबून, दुसऱ्यात आयगेनव्हॅल्यू एक्स. याला बायस्पेक्ट्रल म्हणतात, हा प्रश्न डाउस्टरमाट आणि ग्रुनबाउम यांनी मिळून १९८६ च्या पेपरात मांडला. स्केलर ऑर्थोगोनल पॉलिनॉमियलमध्ये सेकंड ऑर्डरचे असे किती, ते तर बोखनरने १९२९ मध्येच उरकलं होतं, हर्माइट, लागेर, जेकोबी, संपली यादी.

आता पॉलिनॉमियलचे कोइफिशंट मॅट्रिक्स कर, हे क्रेनने १९४९ मध्ये केलं. वेट, म्हणजे इंटिग्रलमधलं वजनाचं फंक्शन डब्ल्यू, ते पण मॅट्रिक्स. अन इथं बाजू आपोआप ठरते बघ. इनर प्रॉडक्ट म्हणजे पी·डब्ल्यू·(क्यू ची ॲडजॉइंट) याचं इंटिग्रल, त्यामुळं पी_एन ला डावीकडून कुठल्याही इन्व्हर्टिबल मॅट्रिक्सने गुणलं तरी ऑर्थोगोनॅलिटी मोडत नाही. म्हणजे स्केलरची जागा डावीकडं गेली. रिकरन्सचे कोइफिशंट पण डावीकडूनच लागतात, एक्स·पी_एन = ए_एन·पी_(एन+१) + बी_एन·पी_एन + सी_एन·पी_(एन−१). मग डिफरन्शियल ऑपरेटर पण डावीकडूनच लावला तर? एफ(एक्स)·ए_एन आणि ए_एन·एफ(एक्स) एक नाहीत, दोघं एकमेकांच्या पायात येतात. आपल्याकडं औताला डाव्या अंगाला चालणारा बैल अन उजव्या अंगाला चालणारा बैल ठरलेला असतो, दोन्ही डावेच जुंपले तर तास सरळ निघत नाही, तसलंच. म्हणून डिफरन्शियल ऑपरेटरला उजवीकडं पाठवलं: पी″·एफ२ + पी′·एफ१ + पी·एफ०. आता डावीकडचा डिफरन्स ऑपरेटर आणि उजवीकडचा डिफरन्शियल ऑपरेटर आधी कुठलाही लावा, उत्तर तेच. आयगेनव्हॅल्यू लॅम्डा_एन स्केलरच्या बाजूला म्हणजे डावीकडं. ताईंनी सांगितलेली गोष्टच आहे ही, फक्त आरशात धरलेली, ऑपरेटर ज्या बाजूने खातो त्याच्या विरुद्ध बाजूला आयगेनव्हॅल्यू. ऑपरेटर दोनदा लावला की लॅम्डा_एन चा वर्ग येतो, पी_एन च्या जागी एम·पी_एन घेतला की एम·लॅम्डा_एन·एम⁻¹ होतो, सगळं तसंच.

अन दोन्ही बाजू नीट लावल्याचा फायदा काय ते हर्माइटवर बघ. डी = ∂² − २एक्स∂. एक्सशी कम्युटेटर (म्हणजे डी·एक्स − एक्स·डी) घेतला की २∂ − २एक्स उरतो, परत घेतला की २, परत घेतला की शून्य. ऑर्डर दोन म्हणून तिसऱ्यांदा मेला. तेच एनच्या बाजूला नेलं की लॅम्डा_एन चा डिफरन्स ऑपरेटरशी तीनदा कम्युटेटर शून्य. यात डेरिव्हेटिव्ह कुठंच नाही, नुसतं रिकरन्सच्या कोइफिशंटवरचं समीकरण, अन मॅट्रिक्समध्ये पण ते जसंच्या तसं चालतं कारण एक्स स्केलर आहे. यावरूनच शोधतात की कुठल्या रिकरन्सला डिफरन्शियल ऑपरेटर मिळेल.

मॅट्रिक्सवाला बोखनर प्रश्न डुरानने १९९७ ला मांडला. खरी उदाहरणं २००२ च्या आसपास यायला लागली, ग्रुनबाउम, पाकारोनी आणि तिराव यांनी कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह प्लेनवरच्या मॅट्रिक्स स्फेरिकल फंक्शनमधून काढली. स्केलरमध्ये एका फॅमिलीचे सगळे ऑपरेटर म्हणजे त्या एका सेकंड ऑर्डरवाल्याची पॉलिनॉमियल, दुसरं काही नाही. मॅट्रिक्समध्ये कास्त्रो आणि ग्रुनबाउम यांनी २००६ ला पाच उदाहरणं घेऊन दाखवलं की हे ऑपरेटर आपापसातच कम्युट करत नाहीत असं पण होतं, अन फर्स्ट ऑर्डरचा ऑपरेटर पण सापडतो, जो स्केलरमध्ये सापडणं शक्यच नाही. मग कॅस्पर आणि याकिमोव यांनी २०२२ ला छापलेल्या पेपरात या ऑपरेटरांची अल्जेब्रा पुरेशी मोठी असली की वेट हे क्लासिकल स्केलर वेटच्या थेट बेरजेपासून डार्बू ट्रान्सफॉर्मेशनने (ऑपरेटरचे दोन गुणक पाडून त्यांची अदलाबदल करायची युक्ती) मिळतं असं सिद्ध केलं. हा शेवटचा पेपर तू वाचायच्या भानगडीत पडू नको, त्यात रिंग थिअरी फार आहे. कास्त्रो-ग्रुनबाउम वाच, पाचातलं एक उदाहरण उचल अन हाताने कर.

वसमतचा_गणितवाला

सर, ताई, लै लै आभार. आता तिन्ही पीडीएफ एकच गोष्ट बोलायल्यात असं वाटतंय. सर, पण एवढं मोठं पेलंल का नाही माहीत नाही. सेमिनारपुरतं क्वाटर्निऑनवरचा एखादा छोटा डिफरन्स ऑपरेटर घेतला तर चालेल का? पाच घरांची चक्राकार शिफ्ट घेऊ म्हणतो, वाय_एन च्या जागी वाय_(एन+१), पाचाच्या पुढं परत पहिलं.

लातूरची_लिनियर

चालेल काय, पळेल. आधी तूच सांग क्लास किती येतील. कॉम्प्लेक्समध्ये पाच येतात, युनिटीचे पाचवे मूळ.

वसमतचा_गणितवाला

तीन. १ एकटा. मग ७२ अंशवाला अन −७२ वाला कॉन्जुगेट आहेत म्हणून एका गोलात, रियल पार्ट ०.३०९. अन १४४ वाले दोन दुसऱ्या गोलात, रियल पार्ट −०.८०९. क्वाड्रॅटिक लावून पण बघितलं, शिफ्टचा वर्ग वजा ०.६१८ शिफ्ट अधिक १, हे बरोब्बर पहिल्या गोलावर अडतंय. दोन गोलांच्या स्पेसचं डायमेन्शन दोन दोन अन १ चं एक, बेरीज पाच.

लातूरची_लिनियर

बरोबर. आता चार घरांचं पण करून ठेव, तिथं १ आणि −१ दोघं एकटे सुटतात अन गोल एकच उरतो. त्या गोलावर वाय_(एन+२) = −वाय_एन होतं, म्हणजे क्यू² = −१ ला मूळं अगणित पण सोल्यूशनचं डायमेन्शन दोनच. परीक्षक विचारतील की डिग्री दोन अन मूळं अगणित कशी, तर गॉर्डन-मॉट्झकिनचं १९६५ चं थिअरम सांग, एन डिग्रीच्या पॉलिनॉमियलची मूळं जास्तीत जास्त एन कॉन्जुगसी क्लासात असतात.

देवगिरी_स्लीपर

पीपीटी झाली की इथं टाक रे. अन फुलपाखरू शेवटच्या स्लाइडला तरी टाकच.